पगडी आधी, चेहरा मागाहून

माहीमच्या माणसाला क्रांतीच्या इतिहासापासून सुटका नाही. घरातून निघून समुद्राकडे वळला तर कॅडल रोड लागतो, म्हणजे स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग. स्टेशनकडे वळून रुळांच्या कडेने निघाला तर तुळशी पाइप रोड, म्हणजे सेनापती बापट मार्ग. मधोमध लेडी जमशेटजी रोड आहे. पण त्या बाईंच्या पैशांतून १८४५ साली खाडीवरचा रस्ता झाला, तेव्हा त्यांना हलवायचे धाडस अजून कोणाला झालेले नाही. दक्षिणेला चालत गेला तर शिवाजी पार्क. हे मैदान १९२५ साली तयार झाले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७ साली, महाराजांच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, ते शिवाजी पार्क झाले. म्हणजे माहीमकरांनी मैदान महाराजांना दिले आणि महाराजांची पाठ वळताच दादरकरांनी ते आपल्या नावावर करून घेतले. असो. मुद्दा मैदानाचा नाही, तसबिरींचा आहे. तुळशी पाइप रोडवरून रोज जाणाऱ्या एखाद्यापुढे सेनापती बापटांची तसबीर धरली तर तो ओळखेल का? पांडुरंग महादेव बापटांनी पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्बची विद्या मिळवली, मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तुरुंग भोगले. आज त्यांचे नाव लोकांच्या तोंडी येते ते ‘बापट मार्ग जाम आहे’ या वाक्यात. उलट सावरकरांची तसबीर रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर धरा. काळी गोल टोपी आणि चष्मा दिसला की काम झाले. मधला चेहरा काढायला चित्रकार विसरला असला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही.

यावरून मी एक सिद्धान्त मांडतो. क्रांतिकारकाच्या छापील तसबिरीत चेहरा हा सर्वांत बिनमहत्त्वाचा भाग असतो. त्या तसबिरीचे मोल ती माणसासारखी दिसते का यावर ठरत नाही, लांबून ओळखू येते का यावर ठरते. आणि ही ओळख डोक्यावर, फार तर अंगावर असते. त्यामुळे या एकाच प्रकारच्या चित्रात नक्कल ही अस्सल ठरते आणि अस्सल ती संशयास्पद. लिओनार्दोच्या चित्राची नक्कल भिंतीवर लावणारा मनातून जाणून असतो की खरे चित्र पॅरिसला आहे. टिळकांची तसबीर लावणाऱ्याला ‘मूळ चित्र कुठे आहे हो?’ असे विचारा. तो तुमच्याकडे असा पाहील की जणू मूळ टिळक कुठे आहेत असे तुम्ही विचारले.

आता पुरावे. पहिला पुरावा भगतसिंगांचा, कारण तो निर्विवाद आहे. त्यांची खात्रीची छायाचित्रे चारच सांगितली जातात: एक लहानपणचे, एक कॉलेजच्या नाटकमंडळींबरोबरचे, एक १९२७ च्या अटकेतले, पोलिसांच्या ताब्यात खाटेवर बसलेले, आणि चौथे ते हॅटवाले. हे चौथे एप्रिल १९२९ मध्ये, असेंब्लीत बॉम्ब टाकण्याच्या काही दिवस आधी, दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळच्या स्टुडिओत काढलेले. तोपर्यंत त्यांनी केस-दाढी उतरवली होती आणि पोलिसांना चकवायला साहेबी पोशाखात वावरायला सुरुवात केली होती. म्हणजे ओळख पटू नये यासाठी जी हॅट डोक्यावर चढवली, ती आज त्यांची ओळख पटवणारी एकमेव वस्तू आहे. वेषांतर इतके यशस्वी झाले की खरा वेष हरवला. पुढे काही चित्रकारांना साहेबी हॅट खटकली. त्यांनी ती काढून फेटा बांधला, कोणी पिवळा, कोणी केशरी. मग हॅटवाले विरुद्ध फेटेवाले असा वाद सुरू झाला. तो वाद दिसतो विचारांचा, पण चालतो टोपीवर. चेहऱ्याबद्दल दोन्ही पक्षांची एकमेकांशी काही तक्रार नाही. या सगळ्यात नुकसान झाले ते आपल्या खेडच्या माणसाचे. शिवराम हरी राजगुरू त्याच २३ मार्च १९३१ ला त्याच फासावर गेले. त्यांच्या नावाने गावाचे राजगुरूनगर झाले. पण तिघांच्या चित्रात त्यांच्या डोक्यावर काही नसल्याने खाली नाव छापल्याशिवाय राजगुरू कोणते आणि सुखदेव कोणते हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. फाशीच्या दोरीने भेदभाव केला नव्हता, तो छापखान्याने केला.

दुसरा पुरावा जास्त नाजूक आहे, पण तो टाळला तर सिद्धान्ताला अर्थ राहणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात शिवाजी महाराजांचे म्हणून जे एक चित्र पुस्तकांतून फिरत होते, ते मुळात इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचे होते. ही गोष्ट इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी उघड केली आणि १९३३ साली व्हॅलेंटाइन या डच ग्रंथकाराच्या साधनांतले महाराजांचे चित्र पुढे आणले. यात बेंद्रे यांचे मोठेपण आहेच; माझ्या कामाची गोष्ट दुसरी आहे. इतकी वर्षे ते चित्र पाहणाऱ्यांच्या भक्तीत काडीचाही फरक पडला नव्हता. चेहरा चुकीचा आणि नमस्कार बरोबर, असे वर्षानुवर्षे बिनतक्रार चालले होते. आता कोणी म्हणेल, ती अज्ञानाची गोष्ट झाली. खरे चित्र मिळाल्यावर तरी लोकांनी तेच घेतले ना? घेतले, पण कसे घेतले ते पाहा. समकालीन चित्रांतले महाराज सडपातळ आहेत, नाक धारदार, दाढी टोकदार, डोक्यावर तुरा लावलेले पागोटे. त्यातले नाक आणि दाढी चित्रकारांनी ठेवली. पागोट्याच्या जागी मोत्यांच्या लडींचा जिरेटोप आला, छाती रुंदावली, दंड भरले, आणि औरंगजेबाला नुकतेच पत्र लिहून झाल्याचे समाधान चेहऱ्यावर आले. शेवटी कोल्हापूरचे जी. कांबळे, ज्यांचा हात सिनेमाची पोस्टरे रंगवून तयार झाला होता, त्यांचे चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत ठरवले. शासनमान्य चेहरा! तीनशे वर्षांपूर्वीच्या राजाला नाक कसे असावे हे मंत्रालयातून ठरते, यावर हसू येणे स्वाभाविक आहे. पण थोडा विचार केला तर शासनाचे बरोबर होते. प्रत्येक तालुक्याच्या कचेरीत वेगळे महाराज असते, तर जयंतीला हार कोणत्या महाराजांना घालायचा यावर अर्धा दिवस गेला असता. कांबळ्यांनाही दोष देता येत नाही. सिनेमाच्या थिएटरावरचा नायक ट्राममधून ओळखू आला पाहिजे, हे ज्याला कळते त्यालाच राष्ट्रपुरुष रंगवता येतो.

कोणाला वाटेल, चेहऱ्यांची ही अदलाबदल आपल्याकडच्या गबाळेपणामुळे होते, साहेबाकडे असे घडत नाही. तर १८५७ कडे पाहा. कानपूरच्या कत्तलीनंतर लंडनच्या सचित्र पत्रांना नानासाहेब पेशव्यांचा चेहरा हवा होता. तो त्यांनी मिळवला आणि छापला. फोर्ब्स-मिचेल नावाच्या एका सैनिकाने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले की ते चित्र नानासाहेबांचे नव्हतेच. ते होते अजोध्याप्रसाद या लष्कराला माल पुरवणाऱ्या ठेकेदाराचे. म्हणजे सूडाने पेटलेला इंग्रज वाचक रविवारी सकाळी चहा घेत आपल्याच कमिसरियटच्या कंत्राटदाराकडे दात-ओठ खाऊन बघत होता. नानासाहेब कधी सापडलेच नाहीत. कित्येक वर्षे ठिकठिकाणांहून माणसे नानासाहेब म्हणून धरून आणली जात आणि सोडून दिली जात. द्वेष करायलासुद्धा खरा चेहरा लागत नाही, मग भक्तीला कशाला लागेल?

आणि फ्रान्सचे काय? क्रांतिकारकाच्या तसबिरीचा कारखाना खरा तिथे निघाला. जुलै १७९३ मध्ये मारा हा क्रांतिकारक आंघोळीच्या टबात बसून काम करत असताना शार्लोत कोर्देने त्याला भोसकले. तो टबात का बसत असे, तर त्याला त्वचेचा भयंकर विकार होता आणि पाण्यात बसल्याशिवाय आराम पडत नसे. चित्रकार दाविदने त्याचे चित्र काढले ते आज ब्रसेल्सला आहे. त्यात टब आहे, सुरीही आहे, आणि डोक्याला गुंडाळलेले फडकेही आहे. त्वचाविकार तेवढा नाही. माराची कातडी संगमरवरासारखी नितळ. चित्र काढून झाले की लगेच शिष्यांकडून नकला करवून घेतल्या. त्या आजही फ्रान्सच्या निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत. क्रांतीला रोगी चालतो, रोग चालत नाही. तोच धडा चे गव्हेराच्या चित्राने टोकाला नेला. छायाचित्रकार कोर्दाने ५ मार्च १९६० रोजी हवानात छायाचित्र काढले तेव्हा चौकटीत एका बाजूला दुसरा माणूस होता, दुसऱ्या बाजूला ताडाच्या झावळ्या. दोन्ही कापले गेले. मग १९६८ मध्ये जिम फिट्झपॅट्रिकने त्या छायाचित्राचे दोन रंगांचे पोस्टर केले, तेव्हा चेहराही जवळजवळ गेला. राहिले काय? ताऱ्याची टोपी, केस आणि थोडी सावली. आज फॅशन स्ट्रीटवर जो टी-शर्ट मिळतो त्यावर चेहऱ्याच्या जागी खरे म्हणजे कापड आहे. आणि घालणारा पोरगा छाती काढून सांगतो, ‘चे आहे.’ आहेच. टोपी आहे ना!

इथे माझ्या सिद्धान्तावर पहिला जबर हल्ला होईल आणि तो मीच करून टाकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या डोक्यावर तसबिरीत काही नसते, तरी त्यांची तसबीर या देशात कोणीही, कुठूनही ओळखतो. मग टोपीचे काय झाले? उत्तर असे की टोपी इथे खाली उतरून कोट झाली. बाबासाहेबांची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांतून सुटाचा रंग कळत नाही. निळा रंग छापखान्याने दिला आणि तो मनाने काढलेला नव्हता: १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता. झेंड्याचा रंग कोटात उतरला. त्या कोटाचे वजन टोपीपेक्षा जास्त आहे, कारण ज्या समाजाने काय नेसावे आणि किती नेसावे हे शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरवले, त्यातल्या माणसाने टाय लावून, खिशाला पेन अडकवून उभे राहणे हे स्वतःच एक भाषण आहे. ते भाषण दाखवायला अंगठ्याएवढे चित्रही पुरते. उलट महात्मा गांधींचे घ्या. ज्या टोपीला त्यांचे नाव मिळाले ती त्यांच्या तसबिरीत जवळजवळ कधीच नसते. त्यांनी ती थोडी वर्षे वापरली, मग सोडली, आणि नंतरची शंभर वर्षे आपण ती घालतो आहोत. चष्मा आणि काठी यांवर त्यांचे भागते. आणि टोपीचा मामला संपला असे ज्यांना वाटते त्यांनी २०१८ साल आठवावे. सत्काराला पुणेरी पगडी द्यायची की फुले पगडी, यावरून त्या वर्षी पुण्यात रणकंदन झाले. टिळक आणि जोतीराव यांच्यातला जवळजवळ सगळा वैचारिक मतभेद दोन कापडी वस्तूंत मावतो हे तेव्हा उघडपणे मान्य केले गेले. फक्त सत्कारमूर्तीच्या डोक्याचे माप कोणी घेतले नव्हते.

माहीमच्या बाजारातल्या फ्रेमवाल्याच्या दुकानापाशी क्षणभर उभे राहिले तर हा सगळा प्रकार एका भिंतीला टेकून ठेवलेला दिसतो. बुधवारच्या नोव्हेनाला सेंट मायकेलच्या चर्चला जाणाऱ्यांसाठी मेरीमाता, मखदूमशाहांच्या दर्ग्याला येणाऱ्यांसाठी मक्का-मदिना, शितळादेवीच्या अंगाने जाणाऱ्यांसाठी देवी, आणि त्यांच्या पुढे-मागे काचेची वाट पाहणारे राष्ट्रपुरुष. एकमेकांना टेकून उभे असतात. जिवंतपणी एका व्यासपीठावर न येणारी माणसे इथे एका प्लायवूडला रेलून असतात. मधूनच कोणाचे तरी आजोबा. फ्रेमवाल्याकडे याचे शास्त्र पक्के असते: देवाला बल्ब, आजोबांना चंदनाचा हार, राष्ट्रपुरुषाला दोन्ही चालतात. आजोबांची तसबीर मात्र माझ्या सिद्धान्ताला अपवाद आहे. तिथे चेहराच लागतो, आणि तो जरा जरी वेगळा आला तरी काकू भांडायला येतात. ज्याच्याशी आपले नाते रक्ताचे त्याचा चेहरा हवा. ज्याच्याशी नाते विचारांचे त्याची पगडी पुरते.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. ते म्हणतात, तसबिरी कसल्या लावता, पुस्तके वाचा. आणि पुरावा म्हणून खुद्द बाबासाहेबांनाच साक्षीला बोलावतात. साक्ष खरी आहे. संविधानसभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले होते की राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. त्याआधी १९४३ साली न्यायमूर्ती रानड्यांवर बोलतानाही त्यांनी विभूतिपूजेचा समाचार घेतला होता. मग त्यांचीच तसबीर फ्रेममध्ये घालून हार चढवणे हा विरोधाभास नाही का? कागदावर आहे. पण ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर काय घडते ते या विद्वानांनी जाऊन बघावे. लाखो माणसे चैत्यभूमीवर येतात, आणि मैदानात तसबिरींच्या दुकानांशेजारी पुस्तकांचीच दुकाने रांगेने लागलेली असतात. तसबीर घेणारा पिशवीत दोन पुस्तकेही टाकतो. राजगृहाचा मालक पुस्तकांसाठी घर बांधणारा माणूस होता, याची त्या पिशवीला आठवण असते. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर कोणाचाच चेहरा नव्हता, कारण पूर्वजांची छायाचित्रे काढायला ना कोणी बोलावले ना कोणाला परवडले, त्या घरात पहिली तसबीर कोणाची लागते हा कलासमीक्षेचा प्रश्न राहत नाही. आणि ‘अहो, कागदच तो’ असे म्हणणाऱ्यांसाठी एकच तारीख. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. तिथे विनोद करायला जागा नाही. प्रतिमेला फक्त प्रतिमा म्हणणाऱ्यांनाही नसावी.

इंग्रजांना हे आपल्या समीक्षकांपेक्षा लवकर कळले होते. १९१० च्या प्रेस कायद्यात त्यांनी चित्र आणि छायाचित्र यांनाही कागदपत्रांत धरले, म्हणजे राजद्रोह करायला अक्षरओळख लागत नाही हे सरकारने अधिकृतपणे मान्य केले. पुढे १९३१ नंतर लाहोर-कानपूरकडे छापलेल्या भगतसिंगांच्या चित्रांवर भराभर बंदी आली. बंदीमुळे सरकारी दप्तरात त्यांच्या प्रती जपून ठेवल्या गेल्या. आज अभ्यासकांना ती चित्रे बघायला मिळतात ती ज्यांनी जप्त केली त्यांच्या कृपेने. भाविकांच्या भिंतीवरच्या प्रतींना मात्र पावसाळ्यात ओल आली.

तिसरा आक्षेप चोखंदळांचा, आणि तो सध्या वरच्या मजल्यांवरून ऐकू येतो. बाजारातल्या तसबिरी भडक, गालाला लाली, पार्श्वभूमीला सूर्योदय. त्यापेक्षा चांगल्या कागदावरची, शंभर वर्षे रंग न उडण्याची हमी असलेली, खाली क्रमांक टाकलेली ‘फाइन आर्ट’ प्रत का घेऊ नये? घ्यावी. पण एक लक्षात असू द्यावे की ‘फाइन आर्ट’ हा शब्द या शहराला नवा नाही. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये गिरगावात जो छापखाना काढला त्याच्या नावातच फाइन आर्ट होते, आणि तो काढण्याचे कारण नेमके हे की बडोद्या-म्हैसूरच्या राजवाड्यांतली तैलचित्रे चाळीतल्या भिंतीला मिळावीत. त्याच्याही आधी, १८७८ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा काढली आणि निबंधांतून जमेना ते नाना फडणवीसांच्या रंगीत चित्रातून साधले. त्या काळी ‘फाइन आर्ट’ म्हणजे जास्तीत जास्त लोकांना मिळणारे. आता ‘फाइन आर्ट’ म्हणजे फक्त पन्नास प्रती काढून मग ठसा मोडून टाकणे. मर्यादित आवृत्तीतला क्रांतिकारक! ज्याने आयुष्यभर ‘जास्त लोक या’ असे ओरडून सांगितले, त्याच्या चित्राखाली ‘पन्नासपैकी सातवी प्रत’ असे लिहिलेले असते. शिवाय इंटिरिअरवाल्याची अट असते की भिंतीचा रंग मातकट आहे तेव्हा निळा कोट नको. सेपिया करून द्या. म्हणजे रंगाचा सगळा अर्थ काढून घेतल्यावर उरतो तो सोफ्याला शोभणारा एक गृहस्थ. भडक तसबिरीत निदान मत होते.

कोर्दानेही हाच फरक ओळखला होता. त्याने आपले छायाचित्र जगभर फुकट वापरू दिले, पण २००० साली एका व्होडकाच्या जाहिरातीत ते आल्यावर त्याने दावा केला, तडजोडीत मिळालेले पैसे क्यूबातल्या औषधांसाठी देऊन टाकले. त्याची हरकत नकलेला नव्हती, बाटलीला होती. आपल्याकडे ही अडचण कमी येते, कारण आपण राष्ट्रपुरुषांना बाटलीवर घालत नाही, त्यांच्या जयंतीला ड्राय डे पाळायची मागणी करतो.

राहिला शेवटचा आक्षेप, तो कचेरीचा. क्रांतिकारकाची तसबीर सरकारी भिंतीवर लागली की क्रांती संपली, असे डावे मित्र म्हणतात. त्यांच्या बाजूने पुरावा भरपूर आहे. सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी थोर व्यक्तींच्या जयंतीचे परिपत्रक काढतो, आणि त्यानुसार कोणत्या तारखेला कोणाच्या प्रतिमेस पुष्प वाहायचे हे ठरते. वरून दोरीने बांधलेली तसबीर पुढे झुकते, त्यामुळे भिंतीवरचा महापुरुष साहेबाच्या खांद्यावरून फाइल वाचत असल्यासारखा दिसतो. साहेबाची पाठ त्याच्याकडे असते म्हणून दोघांनाही त्रास होत नाही. वर्षातून दोनदा, जयंती आणि पुण्यतिथीला, शिपाई स्टुलावर चढून काच पुसतो. ज्यांची पुण्यतिथी परिपत्रकात नाही त्यांची एकदाच पुसली जाते. डावे मित्र यावर हसतात, पण परळच्या लाल बावट्याच्या कचेरीत लेनिनचीही काच कोणाला तरी पुसावीच लागे. त्या लेनिनने १९०८ साली टिळकांच्या शिक्षेविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी केलेल्या सहा दिवसांच्या संपाची दखल घेतली होती. बघा, किती दूरच्या माणसाने तसबिरीशिवाय ओळखले!

पण या आक्षेपाला माझे उत्तर टिळकांच्याच खटल्यात आहे. २२ जुलै १९०८ ला मुंबई हायकोर्टात ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळे पाणी दिले. हे दावर त्याआधीच्या खटल्यात टिळकांचेच वकील होते. निकाल ऐकून टिळक जे बोलले ते त्याच कोर्टाने १९५६ साली, न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते, त्याच दालनाबाहेर संगमरवरात कोरून लावले. डावा मित्र म्हणेल, बघा, पचवून टाकले. मी म्हणेन, उलट आहे. तिथून आत जाणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशाला दररोज वाचावे लागते की इथे एकदा चूक झाली. तसबिरीचेही तसेच आहे. ती भिंतीवर आहे म्हणून साहेबाला शांत वाटते आणि तीच तसबीर खाली उतरवून मोर्च्याच्या पुढे धरली की पोलिसाला लाठी उचलताना विचार करावा लागतो, कारण त्याच्या ठाण्यातही तीच लावलेली असते. शासनमान्य चेहऱ्याचा असा एक फायदा आहे: तो दोन्ही बाजूंना एकच दिसतो.

आता फोनवर नवी सोय आली आहे. यंत्राला जुने छायाचित्र दिले की ते रंगवते, आणि त्याहून पुढे जाऊन माणसाला हलवते: टिळक पापण्या मिटतात, भगतसिंग मान वळवतात, राजगुरू हसतात. चेहरा पूर्वी कधी नव्हता इतका खरा होतो, रंध्रांसकट. हे पाहून लोक थोडे दचकतात आणि पुढच्या चित्राकडे जातात. दचकण्याचे कारण मला असे दिसते की इतका चेहरा कोणी मागितला नव्हता. आणि यंत्राने उद्या चुकून पगडीची कोच डावीकडची उजवीकडे केली, तर पुण्यातून पहिला फोन येईल तो पगडीबद्दल असेल. माहीममधून दुसरा येईल, तो गोल टोपीबद्दल. हसणाऱ्या राजगुरूंना खाली नाव लिहायला यंत्रही विसरले, तर कोणाच्याच लक्षात येणार नाही.